चरबीचा डगला

मनू, साबण लावून लगेच नळाखाली हात धरू नकोस. वीस सेकंद नीट चोळ. का ते सांगतो, बस इथं.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, तिच्याकडूनच आपल्या ढीगभर नकला करवून घेतो, आणि निघताना काय करतो ठाऊक आहे? पेशीच्या पडद्याचाच तुकडा अंगाभोवती लपेटतो. यजमानाचा डगला घालून पाहुणा पसार! करोनाही असाच, तो पेशीच्या आतल्या पडद्यातून डगला मिळवतो. हा डगला चरबीचा असतो. साबण जसा आमटीच्या पातेल्याचा ओशटपणा काढतो तसाच हा डगला फाडतो. मग विषाणूचं काही चालत नाही.

हा डगला शिवायला शिंपी लागत नाही. या चरबीच्या प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याशी गट्टी करतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. पाण्यात टाकलंस की सगळे रेणू शेपट्या आत लपवून दोन थरांचा पडदा करतात. पडद्याच्या कडाही पाण्याला उघड्या राहायला नकोत, म्हणून तो वळून फुगा होतो. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अलेक बँगहॅम या शास्त्रज्ञानं हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १९६४ साली हॉर्न या सहकाऱ्याबरोबर छापलं. मला ते फुगे फार आवडतात. कुणी न सांगता रेणू आपापली जागा धरतात!

पुढे माणसाला वाटलं, असाच डगला आपण औषधाला घालू या. आरएनए म्हणजे पेशीला द्यायची चिठ्ठी, पण ती फार नाजूक. रक्तात नुसती सोडली तर क्षणात तुकडे होतात. म्हणून चार प्रकारची स्निग्धं अल्कोहोलमध्ये विरघळवायची. त्यातलं एक आपलं ओळखीचं कोलेस्टेरॉल. चिठ्ठी ठेवायची लिंबू पिळल्यासारख्या आंबट पाण्यात. मग दोन्ही धारा बारीक नळीत जोरानं एकमेकींवर सोडायच्या. अल्कोहोल पातळ झालं की स्निग्धांना लपायला जागाच उरत नाही. त्यातलं एक स्निग्ध आंबटपणात धनभारित होतं, आणि चिठ्ठी तर ऋणभारित. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत कण तयार! साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं बसतील एवढे. मग अल्कोहोल काढून टाकायचं आणि आंबटपणा घालवायचा. आंबटपणा गेला की ते धनभारित स्निग्ध शांत होतं, म्हणून कण रक्तात त्रास न देता फिरतो.

आता खरी करामत ऐक. पेशी त्या कणाला पिशवीत घालून गिळते आणि ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते. तिथं आपलं स्निग्ध पुन्हा धनभारित होतं, पिशवीचा पडदा विस्कटतं आणि चिठ्ठी बाहेर पडते. फ्लूचा विषाणूही पिशवीतला तो आंबटपणा ओळखूनच सुटतो, बाळ! बरेचसे कण पिशवीतच विरतात, पण निसटलेले थोडे कामाला पुरतात.

या युक्तीवरचं पहिलं औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं, नसा निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी. त्या स्निग्धांच्या कामात कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या पीटर कलिस यांचा मोठा वाटा होता. दोन वर्षांनी असाच डगला घातलेल्या करोनाच्या आरएनए लशी आल्या. त्यातली एक लस उणे ७० अंशांच्या गारठ्यात जपावी लागे, आणि आपल्या खेड्यापाड्यांत तसं शीतकपाट कुठून आणायचं? म्हणून पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनं वेगळ्या बांधणीची आरएनए लस तयार केली. जून २०२२मध्ये तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंशांत टिकते, म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजइतक्या गारव्यात.