हजारो बिलांतलं चुकलेलं बिल शोधा, तेही फुकटात!

किराणा असो की कृषी सेवा केंद्र, बिलिंगमध्ये वर्षभरात हजारो ओळी साचतात. महिन्याची बेरीज आपण बघतो, पण गळती बेरजेत दिसत नाही. ती चित्रात दिसते.

1973 साली फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने हेच दाखवून दिलं. आकड्यांचे चार संच, चौघांची सरासरी 7.5, पण आलेख काढले तर चारही एकदम वेगळे!

आपल्यासाठी 'ऑरेंज' हे सॉफ्टवेअर सोपं पडतं. ते स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात तयार झालं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. पैसे लागत नाहीत, कोडिंग यावं लागत नाही. शिवाय आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून हिशोब घरातच राहतो.

आता करायचं काय? बिलिंगमधून एक्सेल फाइल काढा आणि फक्त साखरेच्या ओळी वेगळ्या करा. ऑरेंजमध्ये ती 'फाइल'मधून उघडा, त्याला 'स्कॅटर प्लॉट' जोडा. आडवे किलो, उभी रक्कम. प्रत्येक बिलाचा एक ठिपका.

समजा, साखर 45 रुपये किलो. बहुतेक ठिपके एका तिरप्या रेषेत येतील. 10 किलोचं बिल चुकून 45 रुपयांचं झालं असेल, तर तो ठिपका रेषेच्या खाली पडेल. गंमत बघा, 10 किलो नेहमीचेच आणि 45 रुपयेही नेहमीचेच. वेगवेगळं बघितलं तर शंका येणार नाही. दोन्ही एकत्र बघितले की 405 रुपये गेलेले कळतात.

उलट 50 किलोचं 2,250 रुपयांचं बिल लांब दिसेल, पण रेषेवरच. ती चूक नाही, लग्नाची ऑर्डर असेल. असं गिऱ्हाईक जपा!

माउसने ठिपका निवडा, 'डेटा टेबल' जोडा, त्या बिलाची पूर्ण ओळ समोर येते.

दुकान अजून सुरू व्हायचंय? अ‍ॅगमार्कनेटवर परभणी, जिंतूरच्या बाजार समित्यांचे सोयाबीनचे दर मिळतात. त्यावर सराव करा. किमान दर कमाल दरापेक्षा जास्त दिसला, तर समजा नोंद चुकलीय.

एक लक्षात ठेवा, ठिपका म्हणजे पुरावा नाही. सूट दिली असेल, दर बदलला असेल. आधी पावती तपासा, मगच कामावरच्या पोराला विचारा. 405 रुपये परत कमावता येतात, पण गेलेला विश्वासू माणूस लवकर मिळत नाही.