बांद्यात दोन सभागृहं, पेडण्यात एकच

महाराष्ट्रातल्या बांद्याची हद्द ओलांडून गोव्यातल्या पेडण्यात शिरलं की कायदा करायची रीतही बदलते. गोव्यात ४० आमदारांची विधानसभा आहे, विधान परिषद नाही. तिथे मंजूर झालेलं विधेयक थेट राज्यपालांकडे जातं. गुजरात, मध्य प्रदेशातही तसंच. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणात मात्र ते परिषदेतही मांडावं लागतं.

परिषद किती अडवू शकते? फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक विधानसभेने मंजूर केलेलं मंदिरांच्या उत्पन्नासंबंधीचं विधेयक परिषदेने आवाजी मतदानाने फेटाळलं. विधानसभेने त्याच महिन्यात ते पुन्हा मंजूर केलं. राज्यात संसदेसारखी संयुक्त बैठक होत नाही. अनुच्छेद १९७ नुसार परिषद विधेयक पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना थांबवू शकते. पुढे विधानसभेचाच शब्द अंतिम. धनविधेयक तर १४ दिवसांपलीकडे रोखताच येत नाही.

तरीही ही उसंत मला मोलाची वाटते. तेवढ्यात मसुद्यावर चर्चा होते, संघटना निवेदनं देतात, चुका उघड्या पडतात. गोव्यात विधेयक प्रवर समितीकडे गेलं तरच असा वेळ मिळतो. म्हणून गोवेकरांनी विधेयक मांडलं जाताच मसुदा मिळवून आपल्या आमदाराला गाठावं.