संत्र्याची बाग, साग आणि झुडपी: जंगलाची तब्येत कशी कळते

मार्चमध्ये नागपूर जिल्ह्यातला नरखेड तालुका वरून पाहिला, तर उठून दिसतील त्या संत्र्याच्या बागा. साग आणि पळसानं पानं टाकलेली असतात. विहिरी-बोअरच्या पाण्यावरची संत्री मात्र हिरवीगार. जंगलाची तब्येत नुसत्या हिरव्या रंगावरून ठरवली, तर फसगत होते ती इथेच.

देशाचं वनाच्छादन मोजणारी भारतीय वन सर्वेक्षण संस्था म्हणूनच साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली उपग्रहचित्रं वापरते, कारण तेव्हा पानझडीच्या झाडांवर पानं असतात. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत झाडांच्या माथ्यांची सावली 10 टक्के वा अधिक असेल, तर ते वनाच्छादन. 70 टक्क्यांच्या वर अतिदाट, 40 ते 70 मध्यम दाट, 10 ते 40 विरळ. जमीन कुणाची आणि झाड कोणतं, हे या मोजणीत पाहत नाहीत. त्यामुळे एखादी मोठी फळबागही हिशेबात येऊ शकते. उलट 10 टक्क्यांखालची झुडपी जागा वनाच्छादनात धरली जात नाही. कायद्याचं माप वेगळं: पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं ‘झुडपी जंगल’ हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 रोजी दिला. त्या सहांत नागपूर जिल्हाही आहे.

मग तब्येत कळायची कशी? जमिनीवर उतरून. जंगलात एक चौकोन कायमचा आखायचा. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर मोजायचा आणि काही वर्षांनी त्याच महिन्यात तीच झाडं पुन्हा मोजायची. निरोगी जंगलात रोपं भरपूर, तरणी झाडं त्याहून कमी आणि जुनी झाडं मोजकी असतात. साग, ऐन, तेंदू, मोह यांच्या क्रमात मधलीच पिढी गायब असेल, तर आजचं दाट जंगल उद्या विरळ होणार, हे समजून घ्यावं.

इथे एक बारकावा आहे. या कोरड्या पानझडी जंगलात सागासारख्या झाडांची रोपं उन्हाळ्यात वरून वाळतात आणि पावसाळ्यात मुळातून पुन्हा फुटतात. असं कित्येक वर्षं चालतं. गुडघाभर रोपं पुष्कळ, पण कमरेच्या वर एकही नाही, असं दिसलं तर संशय वणव्यावर किंवा चराईवर घ्यावा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. ती आग पसरली की वाढू लागलेली रोपं पुन्हा जमिनीला टेकतात.

मोकळ्या झालेल्या जागेत उन्हाबरोबर घाणेरी शिरते. मूळची अमेरिकेतली ही झुडूपवनस्पती एकदा माजली की खालची रोपं सावलीत गुदमरतात. उपग्रहाला मात्र ती हिरवीच दिसते.

वाढतं शहर जंगलाच्या याच कमकुवत जागी, म्हणजे उघड्या पडलेल्या काठावर, बोट घालतं. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा, म्हणजे 100 हेक्टरचा तुकडा घ्या. काठापासून 100 मीटरपर्यंत ऊन, वारा, गुरं आणि आग आत येते असं धरलं, तर आतलं सुरक्षित जंगल 64 हेक्टर उरतं. मधून दोन रस्ते एकमेकांना छेदून गेले की चार तुकडे होतात आणि आतलं जंगल उरतं केवळ 36 हेक्टर. रस्त्यांपुरती जागा सोडली तर एकूण क्षेत्रफळ तेवढंच! नागपूरच्या कडेला काटोल रोडवरच्या गोरेवाड्याला शहर अगदी खेटून आहे. नरखेड नागपूरपासून सुमारे 85 किलोमीटर लांब. पण रुंद झालेले रस्ते, लेआउट आणि मुरमाच्या खाणी शहराच्या पुढे चालतात.

शेवटची खूण नाल्याकाठी शोधायची. तिथली उंबर, जांभूळ, अर्जुन ही झाडं जमिनीतल्या ओलाव्यावर जगतात. बोअर खोल जात राहिले आणि नाला हिवाळ्यातच आटू लागला, तर त्यांचे शेंडे वाळू लागतात.

या नोंदींसाठी जागा आयती आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि लोक जैवविविधता नोंदवही करणं तिचं काम. चौकोनाची जागा, मोजणीची तारीख, रोपांची संख्या आणि नाला कोणत्या महिन्यात आटला, एवढं दर पाच वर्षांनी तिच्यात लिहिलं, तरी उपग्रहाच्या नकाशात जंगल विरळ दिसू लागण्याच्या कितीतरी आधी गावाला बिघाड कळेल, आणि वणवा व चराई आवरायला वेळही मिळेल.