एका उलट्या सर्व्होची गोष्ट

टेकफेस्ट चार दिवसांवर आलाय. होस्टेलच्या खोलीत थर्माकोलचा चुरा, फेविक्विकच्या रिकाम्या ट्यूब आणि टेबलावर मधोमध तुमचं बायप्लेन. दोन मजली पंख, चार एलेरॉन, चार सर्व्हो. तुम्ही रिमोटची स्टिक उजवीकडे ढकलता. उजव्या बाजूचा वरचा एलेरॉन वर जातो आणि त्याच पंखाखालचा दुसरा मात्र खाली!

‘काहून बे, हे उलटं काहून चाललं?’ रूममेट विचारतो.

हसू नका. हेच विमान असंच उडवलं, तर वरचा एलेरॉन विमानाला उजवीकडे कलवणार आणि खालचा डावीकडे. दोघांचं भांडण, आणि तुमचं विमान कुणाचंच ऐकणार नाही. किलोभर वजन आणि पुढे गरगरणारा पंखा, तो कुठे जाऊन पडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

आधी हे होतं कसं, ते बघू. सर्व्होच्या इवल्याशा डबीत चार गोष्टी असतात. एक मोटर, गिअरची माळ, एक सर्किट आणि दांड्याला जोडलेला पोटेंशिओमीटर. रिसीव्हर सेकंदाला साधारण ५० वेळा एक पल्स पाठवतो. पल्स १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्हो मध्यावर थांबतो. १ कडे गेला तर एका बाजूला, २ कडे गेला तर दुसऱ्या बाजूला फिरतो. पोट सतत सांगत असतो, ‘आपण आत्ता इथे आहोत’. सर्किट ते ऐकतं आणि फरक संपेपर्यंत मोटर फिरवतं. बस, एवढंच.

तुम्ही चारही सर्व्हो वाय केबलने एकाच चॅनलला जोडलेत. म्हणजे चौघांना एकच हुकूम. डाव्या-उजव्या पंखात सर्व्हो आरशातल्यासारखे बसवले की एक एलेरॉन वर, दुसरा खाली, हे बरोबर जमतं. पण एका जागी मध्ये पट्टी आली म्हणून तुम्ही खालचा सर्व्हो फिरवून लावला. तिथेच घोळ झाला.

आता उपाय. सगळ्यात सोपा आधी : सर्व्हो काढा आणि सरळ बसवा. कंटाळा येतो, पण सर्वांत भरवशाचं हेच. दुसरा : रिसीव्हरवर चॅनल मोकळा असेल तर तो सर्व्हो वेगळा जोडा आणि ट्रान्समीटरच्या मेन्यूत मिक्सिंग लावून त्याची दिशा उलटी करा. तिसरा : वायरच्या मध्ये लावायचं छोटं रिव्हर्सर सर्किट मिळतं, ते वापरा.

चौथा उपाय जुन्या मॉडेलवाल्यांचा. सर्व्हो उघडून त्यालाच कायमचा उलटा करायचा. खालचे चार स्क्रू काढा. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पोटच्या तीन वायरींपैकी बाहेरच्या दोन एकमेकींच्या जागी लावा, मधली तशीच ठेवा. दोन्ही अदलाबदली हव्यात, एक करून चालत नाही. फक्त मोटर उलटी केलीत तर सर्किट म्हणेल डावीकडे जा, दांडा जाईल उजवीकडे. चूक वाढतेय म्हणून सर्किट आणखी जोर लावेल. सर्व्हो एका टोकाला जाऊन घुरघुरत अडकेल आणि तापेल. तसं झालं तर लगेच बॅटरी काढा.

आणि हो, काही छोट्या सर्व्होंमध्ये मोटर थेट बोर्डावर डकवलेली असते, अदलाबदल करायला वायरच नसते. तिथे सोल्डरिंगचा हट्ट धरू नका. ९ ग्रॅमचा सर्व्हो शे-दीडशे रुपयांत मिळतो. पहिला प्रयोग मोडक्या सर्व्होवर करा.

यूट्यूबवर ‘सर्व्हो मॉडिफिकेशन’ शोधलंत तर पोट काढून सर्व्हो गोल गोल फिरवायचा व्हिडिओ हमखास समोर येईल. तो रोबोटच्या चाकांसाठी आहे. पोटच नसेल तर एलेरॉनला आपण कुठे आहोत हे कळणारच नाही. विमानात तो प्रकार अजिबात नको.

उलटा केलेला सर्व्हो बहुतेक वेळा मध्यावर काही अंश सरकलेला सापडतो. म्हणून ट्रान्समीटर चालू करून, ट्रिम शून्यावर ठेवून आर्म काढा आणि काटकोनात पुन्हा बसवा. नंतरच पुशरॉडची लांबी ठरवा.

पण मुळात चार सर्व्हो हवेतच कशाला? १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं टायगर मॉथ आठवा. आपल्याकडे कितीतरी वैमानिक याच बायप्लेनवर शिकले. त्याचे एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत. त्याचं मॉडेल केलंत तर दोन सर्व्हो पुरतात. कसरतींच्या पिट्स एस-२ सारखे चार एलेरॉन हवेच असतील, तर खालचा आणि वरचा एलेरॉन एका कडक काडीने जोडा. एकच सर्व्हो दोन्ही हलवेल आणि उलटसुलटचा प्रश्नच मिटेल. फक्त त्याच्यावर भार वाढतो, हे विसरू नका. १.८ किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो १ सेंटिमीटर आर्मवर १.८ किलो जोर देतो, २ सेंटिमीटरवर निम्माच. अशा जागी धातूच्या गिअरचा सर्व्हो घ्या.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या कारच्या डिकीत तर विचारूच नका. ग्लू गनने चिकटवलेला सर्व्हो तिथे ढिला पडतो. लाकडी पट्टी लावून स्क्रूने कसा. आणि सोनेगाव विमानतळ शहरातच आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार हवाई हद्द हिरवी, पिवळी आणि लाल अशी वाटलेली आहे. डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय कुठलंही मैदान आपलं समजू नका. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथल्या एरोमॉडेलिंगवाल्या सीनियरला गाठा. रात्रभर जागून जे सापडत नाही, ते त्यांना एका नजरेत दिसतं.

उडवायच्या आधी प्रोपेलर काढा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे : उजवे दोन्ही एलेरॉन वर, डावे दोन्ही खाली. स्टिक मागे : एलेव्हेटर वर. हे मोठ्याने म्हणा, मित्राला बघायला लावा. बॅटरी बदलली, पंख काढून पुन्हा लावला, की परत म्हणा.

परवा रात्री रूममेट जे बोलला ना, ‘काहून उलटं चाललं’, तो प्रश्न टेबलावरच पडला हे नशीब समजा. तिथे तो फक्त एक प्रश्न असतो. शंभर फुटांवर गेल्यावर उत्तर शोधायला वेळ मिळत नाही.