पाळी गेल्यानंतर हृदयाची काळजी

चंद्रपूर-ऊर्जानगर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत पंचेचाळिशी ओलांडलेली एखादी भगिनी "अंगातून वाफा निघतात, छाती धडधडते" म्हणाली, तर घरचे त्याला उन्हाचा त्रास समजतात. तीही तसेच समजून गप्प बसते. म्हणून या विषयावर आम्ही थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

भारतीय स्त्रियांची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते. बीजकोषांतून मिळणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होते. त्यामुळे वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप उडणे असे त्रास होतात. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते व पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की हृदय सुरक्षित, असे कुणालाही वाटेल. एकेकाळी अनेक डॉक्टरांनाही तसेच वाटे. परंतु अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत उलटेच दिसले. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ व स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. २००२ साली ती चाचणी मध्येच थांबविण्यात आली.

मात्र ही गोळी म्हणजे विष नव्हे. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील आणि त्रास असह्य असेल, तर डॉक्टर तपासणी करून हे औषध देऊ शकतात. हृदयविकार, पक्षाघात, रक्ताची गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास ते सहसा देत नाहीत. थोडक्यात, हे औषध वाफांवरचे आहे; केवळ हृदयाच्या रक्षणासाठी ते घेऊ नये.

गर्भपिशवी काढताना बीजकोषही काढणार काय, हे आधीच विचारावे. तरुण वयात दोन्ही बीजकोष काढल्यास हृदयाचा धोका वाढतो. अशा भगिनींना पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घेण्याचा सल्ला बहुधा दिला जातो.

हृदयाचे खरे रक्षण साध्या गोष्टींत आहे. खर्रा व तंबाखू सोडणे, मीठ-तेल कमी करणे, रोज अर्धा तास चालणे आणि रक्तदाब व साखर तपासत राहणे. धाप लागणे, छाती, पाठ किंवा जबडा दुखणे, घाम फुटणे याला 'गॅस' म्हणून टाळू नये. तात्काळ दवाखाना गाठावा.

हा लेख घरातील पुरुषांनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे.