पाय मोडायच्या शुभेच्छा

एकांकिका स्पर्धेचा दिवस. विंगेत नटराजाची पूजा होते, नारळ वाढवला जातो आणि तेवढ्यात एखाद्या मित्राचा मेसेज येतो, ‘ब्रेक अ लेग!’ शब्दशः घेतलं तर ‘पाय मोड’. मेसेज घरातल्या वडीलधाऱ्यांनी वाचला, तर मित्राची धडगत नाही.

हा शाप नाही, शुभेच्छाच आहे. इंग्रजी रंगभूमीवर प्रयोगाआधी कुणाला ‘गुड लक’ म्हणणं अशुभ मानतात. चांगलं बोलून दाखवलं की नशीब नेमकं उलटं फिरवतं, ही त्यामागची भीती. मग मुद्दाम वाईट बोलायचं. आपण याच भीतीपोटी बरोबर उलट्या वाटेनं जातो. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं. आपण अभद्र शब्द तोंडाबाहेर पडू देत नाही, तिकडचे नट तो मुद्दाम उच्चारतात. म्हणूनच हा वाक्प्रचार मराठी कानाला इतका बोचतो.

याच्या उगमाबद्दलची सर्वांत लाडकी कथा लिंकन यांच्या मारेकऱ्याची. जॉन विल्क्स बूथ हा नटच. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात गोळी झाडून त्यानं रंगमंचावर उडी टाकली. त्या उडीत पाय मोडल्याचं त्यानं स्वतःच रोजनिशीत लिहिलं आहे. कथा झकास, पण टिकत नाही. रॉबर्ट लिंड या आयरिश निबंधकारानं १९२१ मध्ये पाय मोडण्याच्या या शुभेच्छेचा उल्लेख केला, तो घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात. नटमंडळींच्या तोंडी ती असल्याची नोंद बर्नार्ड सोबेल यांच्या नाट्यविषयक संदर्भग्रंथात १९४८ साली सापडते. म्हणजे बूथनंतर ८३ वर्षांनी! शिवाय खुन्याच्या दुर्दशेला कुठला नट शुभेच्छा मानेल?

त्यापेक्षा जर्मन धागा मला पटतो. तिकडे ‘हाल्स उंड बाइनब्रुख’, म्हणजे मान आणि पाय मोडो, अशी शुभेच्छा आहे. वैमानिकही ती एकमेकांना देत. यश आणि आशीर्वाद अशा अर्थाच्या यिडिश शब्दांचा हा अपभ्रंश असावा, असा एक तर्क आहे.

नशिबाची गोष्ट आली की ‘ब्रेक अ लेग’ म्हणायचं, हाही गैरसमजच. लॉटरीचं तिकीट काढणाऱ्याला हे कुणी म्हणत नाही. समोरच्याला स्वतः काही करून दाखवायचं असावं लागतं: प्रयोग, गाणं, भाषण, हल्ली मुलाखत किंवा परीक्षासुद्धा. तेही आधी, प्रयोग संपल्यावर नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या काकांना तर मुळीच नाही.

बॅले नर्तकही एकमेकांना हे म्हणत नाहीत. पाय हेच त्यांचं भांडवल. ते फ्रेंच शब्द वापरतात, ‘मेर्द’. त्याचा अर्थ विष्ठा.