माळवदावरचा न्यूटन

'एफ इज इक्वल टू एम ए' हे आपण वायव्हाला धडाधड म्हणून दाखवतो. पण तेच घरी आज्जीला समजावता येईल का? मराठवाड्यात तर ते समजावायलाच हवं, कारण इथं कित्येक घरांत हे समीकरण थेट डोक्यावर असतं, माळवदाच्या रूपानं!

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती ढासळल्या, वरचं माळवद खाली आलं आणि हजारो माणसं गेली.

असं का झालं? सुट्टीत मी घरच्यांना घेऊन एक प्रयोग केला, तुम्हीही करा. एका ताटात कणकेचे चार गोळे चिकटवा. त्यांत खराट्याच्या वीतभर चार काड्या उभ्या रोवा. वर पुठ्ठ्याचं छत कणकेनंच बसवा. आता ताट सरकवत हलवा. घर डुलतं, पण टिकतं. मग छतावर चमच्या-चमच्यानं ओली माती टाका आणि तसंच हलवा. थोड्याच वेळात घर कलतं आणि बसतं! काड्या त्याच, हलवणारा हात तोच, वाढलं ते फक्त वस्तुमान. आता काड्यांना तिरप्या काड्या बांधा. तेच घर जास्त तग धरतं.

आता हिशोब करू. खोली 4 बाय 3 मीटर, मातीचा थर दीड फूट. घनमीटरला 1600 किलो धरले तर डोक्यावर साडेआठ टनांहून जास्त ओझं! गळू नये म्हणून पावसाळ्याआधी टाकलेला एक इंचाचा नवा थर म्हणजे आणखी पाच क्विंटल.

माळवदाला नावं ठेवायची नाहीत. मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्याला त्याची किंमत विचारा! पण नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढता येतो, गळतीसाठी मातीत प्लॅस्टिकचा कागद अंथरता येतो, खांब आणि तुळईमध्ये तिरपे टेकू देता येतात. फक्त आधी जाणकाराला दाखवून घ्या.

2024 च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडलाही जाणवले. तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात, तर माळवदावर चढून थर किती जाड आहे ते एकदा मोजाच. गुणाकार आज्जीसमोर करा!